मध्य जावातलं भाताचं गाव : राहणं, जमीन आणि फिरणं

ओंबी
इंडोनेशिया म्हटलं की आपल्याकडे विषय थेट बालीवर जातो आणि तिकडची गावाकडची जमीन म्हटलं की थेट व्हिलावर. परवा आमच्या नात्यातल्या ग्रुपवर कुणीतरी "बालीत भातखाचरात प्लॉट, मालकी तुमची" अशी जाहिरात टाकली आणि लगेच फोनवर फोन, तू तिकडेच असतेस ना, घ्यावं का सांग. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा इथे नीट लिहिते, म्हणजे ज्यांना नुसतं तिथलं खेडं कसं चालतं ते वाचायचंय त्यांनाही वाचता येईल.

आम्ही बालीत नाही, मध्य जावात राहतो, क्लातेन जिल्ह्यात, देलांगूच्या जवळ. नवरा सोलो शहराकडच्या एका कापड गिरणीत आहे. शहरात न राहता गावात घर भाड्याने घेतलं, कौलारू, पुढे पडवी, परसात केळी पपई आणि विहीर. चारी बाजूंनी भात. पश्चिमेला मेरापी ज्वालामुखी, पहाटे आभाळ मोकळं असेल तर धूर स्पष्ट दिसतो, नऊ वाजले की ढगात गडप. या डोंगरात मुरलेलं पाणी खाली क्लातेनमधे झऱ्यांनी वर येतं, अशा झऱ्याला इथे उंबुल म्हणतात, आणि ते उन्हाळ्यातही आटत नाही. त्यामुळे वर्षाला तीनदा भात घेणारे शेतकरी इथे सर्रास आहेत. एका खाचरात लावणी चाललीय, शेजारच्यात ओंब्या भरल्यात आणि पलीकडे मळणी, हे दृश्य कुठल्याही महिन्यात दिसतं.

देलांगूचा रोजोलेले तांदूळ जावाभर नावाजलेला आहे, मऊ आणि वासाचा. पण रोप उंच, वाऱ्याने लोळतं, आणि तयार व्हायला पाच महिने घेतं, म्हणून लोकांनी तो सोडून आयआर ६४, चिहेरांग असले लवकर येणारे वाण धरले. मग क्लातेन जिल्हा प्रशासनाने इंडोनेशियाच्या अणुऊर्जा संस्थेबरोबर, म्हणजे बातानबरोबर, रोजोलेलेच्या बियाण्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून बुटका आणि कमी दिवसांचा रोजोलेले काढला, स्रिनुक नावाचा. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने टीएजी २४ भुईमूग असाच काढला होता ना, तोच मार्ग. आमच्या घरमालकीणबाईंनी (आम्ही त्यांना इबू म्हणतो) यंदा एका तुकड्यात स्रिनुक लावलाय.

गावाची रचना आधी सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. साधारण तीस-चाळीस घरांची एक आर्टी असते, अशा काही आर्टींची एक आर्वे, त्यावर गाव. आर्टीचा प्रमुख हा कुणी मोठा पुढारी नसतो, शेजारचाच एखादा मास्तर किंवा टेलर असतो, पण नवीन माणूस राहायला आला की पहिलं त्याच्याकडे जायचं. रस्त्याच्या तोंडाशी पाटीच असते, पाहुण्याने चोवीस तासांत कळवायचं. मुक्कामाला पाहुणे आले की आम्ही पासपोर्टच्या झेरॉक्स घेऊन जातो, तो चहा पाजतो, कुठून आले, किती दिवस, शाकाहारी का, सगळं विचारून घेतो.

रात्री पुरुषांची आळीपाळीने गस्त असते, रोंदा. आमच्या घराचा वार गुरुवार, नवरा जातो. प्रत्येक घराच्या पुढच्या भिंतीला खिळ्यावर एक छोटं डबडं टांगलेलं असतं, कुणाचं प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापून केलेलं, कुणाचं करवंटीचं, आणि झोपण्याआधी त्यात चिमूटभर तांदूळ किंवा पाचशे रुपियाचं नाणं टाकायचं (आपले अडीच-तीन रुपये). गस्तवाले बॅटरी मारत येतात, डबडं पिशवीत रिकामं करतात, वहीत खूण करतात. याला जिम्पितान म्हणतात. त्यातनं रस्त्याचे दिवे, कुणाच्या आजारपणाला मदत, मांडवाच्या खुर्च्या असली कामं होतात. आणि डबडं दोन रात्री रिकामं दिसलं की तिसऱ्या दिवशी कुणीतरी दार वाजवून विचारतं, बरं आहे ना घरी. मला या गावातली सगळ्यात आवडलेली गोष्ट कुठली विचाराल तर हीच.

जमिनीचं पुढच्या पोस्टमधे, मोठं आहे.

मेतकूट
वा ओंबी, फार छान सुरुवात. वाचतेय. बायकांचं आयुष्य कसं असतं तेही लिही ना, आणि खाण्यापिण्याचं.

सातबारा
रुमाल टाकून ठेवतो. माझा थेट प्रश्न, भारतीय पासपोर्टवर तिथे शेतजमीन नावावर होते की नाही? आमच्या इथे एक एजंट छातीठोक सांगतो की स्थानिक माणसाच्या नावावर घ्यायची आणि बाजूला वेगळा करार करायचा, सगळे असंच करतात म्हणे.

ओंबी
@सातबारा, नाही होत. आणि तो एजंट जे सांगतोय ते सगळ्यात धोक्याचं.

इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा १९६० चा. त्यात पूर्ण मालकीला हाक मिलिक म्हणतात आणि कलम २१ प्रमाणे ती फक्त इंडोनेशियन नागरिकाला. कलम २६ तर आणखी स्पष्ट आहे, परदेशी माणसाकडे सरळ किंवा आडमार्गाने मालकी जाईल असा कुठलाही व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. स्थानिकाच्या नावावर घेऊन बाजूला करार करणं म्हणजे हाच आडमार्ग. ज्याच्या नावावर जमीन आहे तो उद्या उलटला किंवा वारला आणि मुलांनी हात वर केले तर तुम्ही कोर्टात कुठला कागद दाखवणार, जो कागद दाखवाल तोच तुमच्याविरुद्ध पुरावा. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाची आयुष्याची पुंजी अशीच गेलीय, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितेय.

परदेशी माणसाला कायदेशीर काय मिळतं? तिथला निवास परवाना असेल तर घरासाठी हाक पाकाई, म्हणजे वापराचा हक्क, २०२१ च्या नियमाप्रमाणे ३० वर्षं, मग २० वाढ, मग ३० नूतनीकरण. त्याला प्रांताप्रमाणे घराच्या किमान किमतीची अट आहे. नाहीतर साधा भाडेकरार, इंडोनेशियन भाषेत सेवा म्हणतात त्याला, तो नोटरीकडे करायचा. भातशेती या कशातच बसत नाही.

आणि नुसतं परदेशी लोकांचंच नाही हां. १९६१ च्या नियमाप्रमाणे जाकार्तात राहणाऱ्या इंडोनेशियन माणसालाही इथली भातजमीन घेता येत नाही, जमीन ज्या तालुक्यात (कचामातान) त्याच किंवा लगतच्या तालुक्यात मालक राहायला हवा. अंमलबजावणी ढिली आहे, ओळखपत्रावर पत्ता बदलून लोक घेतातच, पण कायदा तसा आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेती घेता येत नाही, साधारण त्याच काळजीतनं आलेलं.

लग्नाचंही सांगते कारण मला दोघी-तिघींनी मेसेज करून विचारलंय. इंडोनेशियन मुलीने परदेशी मुलाशी लग्न केलं आणि मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केला नाही तर तिचीही हाक मिलिक अडचणीत येते, कारण लग्नानंतरची मिळकत दोघांची धरतात. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागायचा, घटना न्यायालयाच्या निकालानंतर (खटला २०१५ चा) लग्नानंतरही करता येतो. ज्यांचं असं लग्न ठरतंय त्यांनी हे पहिलं करावं, हॉल बुकिंग नंतर.

तांबडीमाती
ताई, मी कर्जतकडचा, भातवालाच. तिथे एका घराला सरासरी किती जमीन असते आणि स्वतःची नसेल तर वाट्याने करतात का? भाव काय मिळतो?

ओंबी
दादा, जमीन फार थोडी. अर्धा हेक्टर, म्हणजे आपला सव्वा एकर, त्यापेक्षा कमी असलेल्याला ते गुरेम शेतकरी म्हणतात आणि जावातले बहुतेक शेतकरी त्यातच मोडतात. आमच्या गावात जुनी माणसं अजून बाऊ या मापात बोलतात, एक बाऊ साधारण सात हजार चौरस मीटर, सत्तर गुंठे. पूर्ण एक बाऊ असलेला माणूस गावात मोठा शेतकरी समजतात.

वाट्याने करतातच. मारो म्हणजे निम्मंनिम्मं, खर्च कुणाचा ते आधी ठरवून. १९६० चा वाटेकरी कायदा आहे, त्यात करार गावप्रमुखासमोर लेखी करायचा असं आहे पण प्रत्यक्षात सगळं तोंडी. गहाणही चालतं, लग्न किंवा हॉस्पिटल आलं की तुकडा गहाण टाकायचा, घेणारा तो पिकवतो. इथे एक फार चांगली तरतूद आहे, सात वर्षं दुसऱ्याने गहाण जमीन पिकवली की ती फुकट परत करायची, एक पैसा न घेता. सावकाराचं पीक खाऊन झालं, वसूल झालं, असा हिशोब. इबूंच्या वडिलांचा तुकडा असाच परत आला होता, अजून त्याची गोष्ट सांगतात.

आणखी एक प्रकार तुम्हाला आवडेल, बेंगकोक जमीन. ही गावाच्या मालकीची भातजमीन, गावप्रमुख आणि त्याच्या माणसांना पगार किंवा पगाराला जोड म्हणून कसायला देतात, पद सुटलं की जमीन सुटली. शिवाय गावाच्या खात्याची वेगळी जमीन असते, ती दर वर्षी लिलावाने भाड्याने जाते आणि पैसे गावाला. ज्यांना स्वतःची नाही ते तिथे कसतात.

भावाचं, २०२५ पासून सरकारी दर ओल्या भाताला किलोला ६,५०० रुपिया आहे, आपले साधारण ३४-३५ रुपये, बुलोग ही सरकारी संस्था खरेदी करते. आपल्या साध्या भाताचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला २,३६९, तोही वाळवलेल्या, त्या मानाने इथला दर बरा. पण बरेच शेतकरी पीक उभं असतानाच व्यापाऱ्याला विकून टाकतात, पेनेबास म्हणतात त्याला. तो बांधावरनं चालत जातो, दोन-चार ओंब्या हातात चुरगाळून बघतो, आकडा सांगतो, आगाऊ देतो आणि कापणीला स्वतःचं मशीन आणतो. पूर्वी गावातल्या बायका कापायला यायच्या आणि कापलेल्याचा ठराविक हिस्सा घरी न्यायच्या, बावोन. पेनेबास आला, मग मशीन आलं, तसा तो हिस्सा गेला. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्या घरचा तांदूळच गेला म्हणा ना. याबद्दल कुणी फार बोलत नाही पण मला वाटतं गावातली सगळ्यात मोठी उलथापालथ हीच झालीय.

तांबडीमाती
बावोन वाचून आमच्याकडचं आठवलं, कापणीला मजुरीऐवजी भारे द्यायचे ते. धन्यवाद ताई. तीनदा भात म्हणजे कीड नाही का माजत? आम्हाला एकदाच घेऊन तुडतुडे नको करतात.

ओंबी
माजते ना, तिथेच तर अडतं. सतत भात उभा असला की तपकिरी तुडतुड्याला (वेरेंग) उपाशी राहायची वेळच येत नाही. २०१०-११ ला क्लातेनमधे वेरेंगने फार नुकसान केलं होतं, शेतं करपल्यासारखी झाली होती म्हणतात. त्याच्या आधी सत्तरच्या दशकात सरकारने जास्त उत्पादनाचे वाण आणि औषधं जोरात पुढे रेटली, फवारणीने किडीचे शत्रूच मेले आणि कीड वाढली, शेवटी १९८६ ला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली. आता शेतकी खात्याचे लोक तिसरं पीक सोयाबीन किंवा मका घ्या म्हणून मागे लागतात पण पाणी समोर वाहत असताना ऐकतंय कोण, आणि भाताला भाव पण बरा.

उंदरांसाठी मात्र एक मस्त उपाय आहे, घुबडं. खाचरात उंच खांबावर लाकडी पेटी बसवतात, त्यात गव्हाणी घुबड घर करतं. आपल्याकडे घुबड अशुभ मानतात, इथे त्याला मारलं तर गाव दंड करतं. संध्याकाळी ते बाहेर येऊन खांबावर बसतं तेव्हा मुलं आरडाओरडा थांबवतात.

घाटवळण
मी काही वर्षं बालीत होतो, ताबानान भागात, म्हणून थोडी भर घालतो. किडीवर तिथला जुना उपाय म्हणजे सुबाक. एका पाटावरच्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून संस्था, तिचा प्रमुख पेकासेह, स्वतःचे लेखी नियम, आणि पाण्याची पाळी देवळांच्या साखळीतनं ठरते. वर सरोवराकाठी उलून दानूची मोठी देवळं, खाली प्रत्येक पाटाच्या फाट्यावर छोटं देऊळ. एका टापूतले सगळे एकदम लावतात, एकदम कापतात आणि मग सगळी शेतं एकदम पडीक, त्यामुळे किडीला जायला जागा उरत नाही. सत्तरच्या दशकात सरकारी लोकांनी हे देवळांचं वेळापत्रक बाजूला ठेवून कधीही लावा म्हटलं आणि कीड उंदीर यांनी हैदोस घातला. नंतर स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंश अभ्यासकाने संगणकावर मांडून दाखवलं की देवळांचं वेळापत्रकच पाणी आणि कीड दोन्हीचा मेळ घालत होतं. २०१२ ला युनेस्कोने सुबाकला जागतिक वारशात घेतलं, जातिलुविहची खाचरं त्यातलीच.

आता व्हिलाचं. एकाने मधलं खाचर भाड्याने व्हिलाला दिलं की पाट तिथे अडतो किंवा वळवावा लागतो, खालच्या दहा जणांचं पाणी कमी. मग तेही कंटाळून देतात. पैसे घेणारा एक, पण शेती सुटते दहा जणांची. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

सातबारा
दोघांचंही पटतंय, पण दुसरी बाजू पण बघा. शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचा जास्तीत जास्त भाव मिळू नये का? परदेशी नको, जाकार्तावाला नको, मग गावातलाच गिऱ्हाईक म्हणजे भाव पडलेलाच. माझ्या वडिलांनी जमीन विकून आम्हाला शिकवलं, तेव्हा घेणारा शहरातलाच होता. नाहीतर मी आज इथे नसतो.

ओंबी
@सातबारा, तुमच्या वडिलांनी केलं ते मुलांसाठी केलं आणि त्यात चूक काहीच नाही. इथलेही विकतात, मुलाला कोरियाला किंवा तैवानला कामाला पाठवायला, मलेशियाला जायला. अडचण असेल तर माणूस विकणारच. माझं म्हणणं विकणाऱ्याबद्दल नाहीच, घेणाऱ्याबद्दल आहे. ज्याला पाटाच्या सफाईला यायचं नाही, उंदरांच्या बंदोबस्ताच्या वर्गणीला उभं राहायचं नाही, गस्तीला यायचं नाही, त्याच्या हातात मधला तुकडा गेला की काय होतं ते घाटवळण यांनी लिहिलंच. आमच्या रस्त्याला दोन खाचरांवर मुरूम टाकून घरांची स्कीम झाली. पाट सिमेंटच्या गटारात गेला, आता त्यातनं साबणाचं पाणी येतं, आणि इबूंचं खाचर नेमकं त्याच्या खाली. त्यांनी गावसभेत विषय काढला, पंप द्यायचं ठरलं, अजून आलेला नाही. २००९ चा शेतजमीन वाचवण्याचा कायदा आहे, नकाशावर हिरवी पट्टी राखीव आहे, तरी असं होतं.

आणि रस्त्याचं तर तुम्हाला माहिती असेलच, सोलो ते योग्यकार्ता टोल रोड क्लातेनच्या भातातनंच गेलाय, सोलोकडचा कार्तासुरा ते क्लातेन टप्पा २०२४ च्या सप्टेंबरमधे सुरू झाला. मोबदला चांगला मिळाला, बाजारभावापेक्षा पुष्कळ जास्त, हे खरं. काहींनी शहाणपणाने लगेच दुसऱ्या गावात भातजमीन घेतली. त्याने झालं काय, आसपासच्या जमिनीचे भाव इतके वाढले की जे वाट्याने करतात त्यांना आता गुंठाभर घेणंही शक्य नाही. पूर्व जावातल्या तुबानचं उदाहरण इथे सगळे देतात. २०२१ ला रिफायनरीसाठी जमीन दिलेल्या सुमुरगेनेंग गावात एकदम शेकड्याने गाड्या आल्या, व्हिडिओ देशभर फिरले, आणि पुढच्याच वर्षी त्या भागातली माणसं कामं द्या म्हणून गेटवर उभी होती. आपल्याकडे समृद्धीत जमीन गेलेल्यांना विचारा, घर झालं, गाडी झाली, आता पुढे काय हा प्रश्न तिथेही आहेच.

सातबारा
पंपाचं वाचून वाईट वाटलं. घेणाऱ्यावर अट हवी हे मान्य. एजंटला आजच नाही म्हणून कळवतो. पण भाड्याने घर घेऊन दोन-तीन महिने राहायला आलो तर? कागद काय बघायचे?

ओंबी
नक्की या. घर भाड्याने घेताना मालकाकडे मालकीचं सर्टिफिकेट आहे का बघा, त्यावर नाव कुणाचं ते बघा. गावाकडे पुष्कळ जमिनी अजून जुन्या कागदावर होत्या, गिरिक किंवा गावच्या वहीतली नोंद, ती कर भरल्याची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. गेल्या काही वर्षांत सरकारने गावोगाव मोजणी करून सर्टिफिकेटं वाटायचा मोठा कार्यक्रम चालवलाय, म्हणून आता बऱ्याच जणांकडे असतं. वारसांत वाद आहे का ते आर्टीच्या प्रमुखाला विचारलं की तो खरं सांगतो. भाडं वर्षाचं एकदम आगाऊ मागतात, महिन्याचं फार कमी ठिकाणी. दोन-तीन महिन्यांसाठी होमस्टे बघितलेला सोपा.

व्हिसा भारतीयांना पोचल्यावर मिळतो, ५,००,००० रुपिया, ३० दिवस, एकदा आणखी ३० दिवस वाढतो, ऑनलाइन आधीही काढता येतो. त्यावर काम करायचं नाही, शेतात हौसेने रोपं लावली तर कुणी काही म्हणत नाही पण पैसे घेऊन काही करायचं नाही.

पाऊलवाट
आम्ही जुलैअखेर योग्यकार्ता करतोय, बोरोबुदूर प्रांबानान नेहमीचं. तुमच्या भागात एक-दोन दिवस काढले तर काय बघावं? स्कूटर घ्यावी का?

ओंबी
योग्यकार्ता ते सोलो लोकल आहे, विजेवरची, २०२१ पासून, कुठूनही कुठेही ८,००० रुपिया, म्हणजे चाळीसेक रुपये. क्लातेन, देलांगू दोन्ही स्टेशनं त्यावर. नवीन विमानतळ कुलोन प्रोगोला आहे, तिथून शहरात यायला वेगळी गाडी आहे, ती घ्या, टॅक्सीपेक्षा सोपी.

प्रांबानानची गर्दी झाली की तिथून थोडं पुढे प्लाओसान बघा, ते क्लातेन जिल्ह्यातच येतं. नवव्या शतकातली बौद्ध मंदिरं आणि सभोवती भात. संध्याकाळी गावातली पोरं पतंग उडवत असतात. मग बायातकडे जा. तिथल्या मेलिकान गावात बायका तिरक्या चाकावर मडकी करतात. चाक आडवं नसतं, पुढे कललेलं असतं, बाई एका बाजूला वळून बसते, पाय जुळवून, आणि पायाने दोरी ओढून चाक फिरवते. गुंडाळलेल्या कापडात मांडी पसरून बसता येत नाही म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. छोटी मडकी त्यावर भराभर होतात, मी तासभर नुसती बघत बसले होते. पेदान आणि चावासकडे हातमागावर लुरिक, पट्ट्यापट्ट्यांचं सुती कापड. साडी नाही पण कुर्त्याला सुंदर.

पोंगोकचा उंबुल पोहायला प्रसिद्ध आहे. तो गावाच्या स्वतःच्या कंपनीचा आहे, तिकिटाचे पैसे गावात राहतात, म्हणून तिथे खर्च करायला मला बरं वाटतं. शनिवार-रविवार टाळा.

स्कूटर घ्यायची तर दुचाकीचा शिक्का असलेला आंतरराष्ट्रीय परवाना हवाच, नाहीतर अपघात झाल्यावर विमा हात झटकतो. ॲपवरच्या टॅक्सी आणि बाइक स्टेशनपर्यंत मिळतात, गावातनं परतताना नाही मिळत, तेव्हा जाणाऱ्या ड्रायव्हरलाच परतीचं सांगून ठेवा. मेरापीच्या बाजूला फिरताना त्या दिवसाची धोक्याची पातळी बघून जा. २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेवर माणसं गेली होती, आणि पावसाळ्यात वरची राख नद्यांतनं चिखल होऊन येते. जुलैत पाऊस नसतो, ते बरं.

बाजाराचा दिवस विचारून घ्या, कारण इथे सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचा जावानी आठवडा पण चालतो, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, आणि पुष्कळ गावचे बाजार त्यावर भरतात. म्हणजे या वेळी मंगळवारी भरलेला बाजार पुढच्या वेळी रविवारी असतो.

मेतकूट
आणि माझं राहिलं ग! बायका आणि खाणं. मी शाकाहारी, आई बरोबर असेल, ती कांदा लसूण खाते पण मासे अजिबात नाही.

ओंबी
नाही विसरले, मेतकूट :)

बाजारात आणि घरच्या पैशात इथे बायकांचाच हात वर असतो. भात पुरुष विकत असला तरी पैसे बाईकडे. लावणीही बायकांची, ओळीने मागे मागे सरकत जातात, दोरी धरून, आणि गप्पा अखंड. वारसा कागदावर मुलाला दोन मुलीला एक असा बोलला जातो, पण आमच्या गावात बहुतेक घरात सारखाच वाटला गेलाय, आणि आईबापांजवळ राहिलेल्या शेंडेफळाला घर. लग्न निघालं की शेजारच्या बायका दोन-तीन दिवस आधी येऊन चुलीवर बसतात, रेवांग. मला पहिल्यांदा नारळ खवायला दिले आणि खवणी बघून मी सरसावलेच, त्या दिवसापासून माझं नाव प्रत्येक यादीत असतं. पाकिटाचा आहेर मात्र जड जातो, लग्नाच्या महिन्यात एका आठवड्यात पाच-सहा आमंत्रणं, आणि दिलेलं वहीत लिहिलं जातं. गरीब घरांना त्याचा फार ताण येतो. इबू म्हणतात हा खर्च कमी व्हायला हवा पण पहिली कोण थांबणार.

खाण्याचं, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू रोज ताजे, केळीच्या पानातलं टेम्पे शोधा, त्याला चव वेगळी. पेचेल म्हणजे उकडलेल्या पालेभाज्यांवर शेंगदाण्याची चटणी, आईंना आवडेल. लोदेह ही नारळाच्या दुधातली भाजी. पण चटणीत आणि भाजीत बऱ्याचदा तेरासी घालतात, सुकवलेल्या कोळंबीची गोळी, ती दिसत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी "तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा आयाम" असं तिन्ही म्हणा, तेरासी नको, मासे नको, कोंबडी नको. पेचेलची चटणी आयती वाटलेली असेल तर विचारूनच घ्या. गुडेग म्हणजे कच्च्या फणसाची गोडसर भाजी, तिच्यात अंडं आणि कोंबडी वेगळी वाढतात, नुसती भाजी मागितली तरी शिजताना एकत्र असू शकते, तेव्हा आईंसाठी टाळा.

पाऊलवाट
खूप खूप आभार ओंबी, प्लाओसान आणि बायात नक्की. ते देवी स्रीचं, म्हणजे भाताच्या देवीचं, काही असतं म्हणे कापणीच्या वेळी, ते बघायला मिळेल का?

ओंबी
विवितान. कापणीच्या आधी खाचराच्या कोपऱ्यात केळीच्या पानावर भात, उकडलेली अंडी, आख्खी कोंबडी, चटणी ठेवतात, म्बोक स्रीचं नाव घेतात, मग गावातला मोदिन, म्हणजे धार्मिक विधी करणारा, अरबीत दुआ म्हणतो आणि सगळे तिथेच बसून जेवतात. गाव सगळं मुसलमान आहे, मशिदीत पाच वेळा जाणारं, आणि हेही करतं. हल्ली काही तरुणांना ते पटत नाही, काही घरांनी सोडलंय, इबू मात्र करतात. पहिल्या ओंब्या त्या स्वतः कापतात, बोटांत धरायच्या छोट्या पात्याने, आनी-आनी म्हणतात त्याला, एकेक ओंबी, आणि ती जुडी घरात तांदळाच्या कोठीवर टांगतात. पुढच्या पेरणीपर्यंत ती तिथेच.

यंदा त्यांचा स्रिनुकचा तुकडा जुलैच्या शेवटी कापणीला येईल असा अंदाज आहे, पण दिवस त्या जावानी वाराप्रमाणे काढतात, आठवडाभर आधीच कळतो. तुमच्या तारखा कळवा, मी इबूंना विचारून ठेवते. येताना मिठाई नको, आपल्याकडची चहा पावडर आणा, त्यांना फार आवडते.